आबांच्या खोलीच्या थंडाव्याचं अंदाजपत्रक

आमच्या घरातली एक खोली थंड करण्यासाठी मी महिनाभर कागदावर राबलो, आणि त्या महिन्यात ती खोली आधीपेक्षा जास्त तापली.

मला ओळखणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. मी ओव्हरसियर होतो. धुळ्याच्या आसपासचे रस्ते, मोऱ्या, धर्मशाळांचे पत्रे यांची अंदाजपत्रकं करणं हा माझा धंदा. नरडाण्याच्या वाटेवर मी बसवलेली एक मोरी पाण्याच्या चार फूट वर राहिली. पाणी बिचारं शेजारून जात असे. पण तिचं अंदाजपत्रक! साहेबांनी ते दोन वेळा वाचलं आणि म्हणाले, "नाना, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!" तेव्हापासून आपण कोणी तरी आहोत अशी माझी समजूत झाली, आणि घरात ती फक्त माझीच होती.

आमचे वडील, आबा, एका तालुका कचेरीतून हेडकारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी टेबल, खुर्ची, शिक्के सगळं मोजून सरकारला परत केलं. तांबडी शाई तेवढी घरी आणली. वाण्याची यादी, जावयाचं पत्र, लग्नाची निमंत्रणपत्रिका, घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर समासात त्यांचा तांबडा शेरा पडे. (माझ्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवर 'मुहूर्ताची वेळ दोन ठिकाणी वेगळी, खुलासा व्हावा' असा शेरा आहे. खुलासा अजून झालेला नाही.)

आबांना दोन गोष्टी लागत. एक, गरम पाणी. पहाटे आंघोळीला कढत, जेवणानंतर हात धुवायला कोमट, दुपारी पाय शेकायला, संध्याकाळी पुन्हा पाय धुवायला. बाहेर वैशाखवणवा पेटलेला असो, आबांचा बंब पहाटे पेटे तो दिवेलागणीपर्यंत पेटलेला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे थंड खोली.

आदल्या थंडीत आबा म्हणाले होते, "नाना, ही खोली आहे की बर्फखाना?" तेव्हा मी एक युक्ती केली होती. आबांची खोली आणि न्हाणी यांच्यामध्ये एकच भिंत होती. न्हाणीच्या पलीकडच्या कोपऱ्यातला बंब उचलून मी या भिंतीला चिकटवून बसवला. एकाच लाकडात पाणीही तापतं आणि भिंतही! आबा इतके खूश झाले की त्यांनी पलंग ओढून भिंतीशी नेला आणि उशी भिंतीला टेकवून झोपू लागले. मी ही युक्ती कचेरीत सगळ्यांना सांगितली. एकाने तर वहीत उतरवून घेतली.

मग थंडी संपली. युक्ती तिथेच राहिली.

गुढीपाडव्याला कडुनिंबाची गोळी चघळत आबांनी विष्णूचं पत्र काढलं. विष्णू माझा धाकटा भाऊ, नाशिकला वकिली करायचा.

"विष्णूने विजेचा पंखा घेतलाय. बटण दाबलं की वारा. बटण दाबलं की बंद."

"वा! छान," मी म्हणालो. (मला ते मुळीच छान वाटलं नव्हतं.)

"तो म्हणतो, आबा, आता कायमचे इकडे या. आखाजीला न्यायला येतो म्हणतोय."

"मग तुम्ही काय म्हणता?"

आबांनी कपाळावरचा घाम पंचाने पुसला. "मी आखाजीपर्यंत वाट पाहीन. तोवर ही खोली माणसाने राहण्याजोगी झाली तर ठीक. नाही तर निघालो विष्णूबरोबर."

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, आबांवाचून ते घर मला नको होतं. आई गेल्यापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावाची घागर आबा याच घरात भरत. पाण्यात वाळा टाकून, वर खरबूज ठेवून, घागरीसमोर बसून राहत. ती घागर नाशिकच्या मोझेकच्या फरशीवर बसलेली मला दिसेना. आणि तांबडा शेरा पडल्याशिवाय वाण्याची यादी मला खरीच वाटली नसती.

तेव्हा मी एखाद्या समंजस मुलाने करावं ते केलं. अंदाजपत्रक करायला घेतलं.

"अहो, अंदाजपत्रक कशाला?" आमची ही दारात उभी राहून म्हणाली. "तो बंब जरा—"

"बंबाचा विषय येणारच आहे," मी म्हणालो. "भाग 'अ', उष्णता. त्यात बंब. भाग 'ब', थंडावा. त्यात पंखा आणि वाळ्याचा पडदा. सगळं रीतसर."

"पण मी म्हणते, तो बंबच—"

"सूनबाई," आबा आतून म्हणाले, "एका सदरातली बाब दुसऱ्या सदरात घालता येत नाही. आक्षेप निघतो."

ती आत निघून गेली. आम्हा दोघांना वाटलं, तिला पटलं!

भाग 'अ' सोपा होता. जुना बंब तळाशी गळत होता आणि त्याची तोटी रडत होती. नवीन घ्यावा, आणि घ्यायचाच तर मोठा घ्यावा, असं मी लिहिलं. आबांनी एका दिवसात 'मंजूर' असा शेरा मारला. आजवर त्यांनी इतक्या चटकन काहीच मंजूर केलं नव्हतं. माझी मॅट्रिकची फीसुद्धा नाही.

जळगावला मोतीलालशेट म्हणून एक मारवाडी व्यापारी होता. तांब्यापितळेच्या भांड्यांचं त्याचं दुकान. अलीकडे त्याने दुकानाच्या अर्ध्या भागात विजेचं सामान मांडलं होतं. मी बंब घ्यायला गेलो तर त्याने मला गादीवर बसवलं, सरबत दिलं आणि दोन पंखे दाखवले.

"ओव्हरसियरसाब, बंब तर देतोच. पण पंखा बघा. हा लावला तर आबासाहेब वैशाखात शाल मागतील, शाल!"

"आमच्या गल्लीत अजून वीज नाही."

"खांब आलाय ना?"

"कोपऱ्यापर्यंत आलाय."

"मग झालं की! खांब आला म्हणजे तार येणार. तार आली म्हणजे वीज येणार. पंखा आधीपासून तयार पाहिजे, नाही तर वीज येऊन बसेल आणि आपण बघत राहू."

हा युक्तिवाद मला इतका पटला की मी पंख्याचा भाव, पात्यांची लांबी, वजन सगळं टिपून घेतलं. आणि बंब घेऊन आलो. बंब कसला, देवळाचा कळसच! तो बैलगाडीतून उतरवताना गल्ली नंबर चारमधली निम्मी माणसं ओट्यावर उभी होती. जुन्या बंबाच्या जागीच, त्याच भिंतीला चिकटवून, मी तो बसवला. जागा मोजली, बंब मोजला. एक बोटभर फट राहत होती ती चुन्याने बुजवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटला. सकाळी आबा उघडेबंब होऊन ओट्यावर आले.

"नाना, यंदाचा उन्हाळा काही वेगळाच आहे."

"हो ना," मी म्हणालो. "कचेरीतही सगळे तेच म्हणताहेत." (म्हणत होते. धुळ्यात चैत्रात कोणीही कोणालाही हेच म्हणतं.)

मग भाग 'ब' हाती घेतला. आबांच्या खोलीत तेव्हा झालरीचा पंखा होता. लाकडी चौकटीला जाड कापड लावलेला, वरच्या आडव्या वाशाला टांगलेला. त्याची दोरी कप्पीवरून भिंतीच्या भोकातून बाहेर ओट्यावर येई, आणि ओट्यावर बसून शंकरभाऊ ती ओढत असे. शंकरभाऊ म्हणजे साठीचा, वाळून काटकी झालेला, पण तोंडाने ताजा गडी. दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून तो आडवा होई आणि झोपेतही पाय हलवत राही, असा त्याचा दावा. आबांचं म्हणणं, झोपेत पाय हलत नाही, दावा तेवढा हलतो.

"शंकरभाऊ, वारा लागत नाही आबांना," मी म्हणालो.

"नाना, पंखा मी ओढस, वारा आबासले लागस. माले काय लागस? घाम!"

"पण आबांना वारा गरम लागतो."

"लागी तं! खोलीमा हवाच तपेल शे. त्या न्हाणीकडनी भीतले हात लाई देखा एकदाव. भाकर टाकी तं फुगी, इतली तपेल शे!"

मी हसलो आणि वहीत लिहिलं, 'पंखा ओढणारा इसम जबाबदारी भिंतीवर ढकलतो.'

चार दिवस बसून मी भाग 'ब' लिहून काढला. तो एक सुंदर कागद होता. जुना पंखा उतरवणे, झटकणे व घडी घालून ठेवणे. नवा विजेचा पंखा, नग एक. तो टांगण्यासाठी लोखंडी आकडा. खांबापासून घरापर्यंत तार ('वीज आल्याचे गृहीत धरून'). वाळ्याचा नवा पडदा, त्यावर पाणी शिंपडण्यासाठी झारी, झारीत पाणी भरण्यासाठी मजूर, अर्धा. (अर्धा मजूर कसा ठेवतात, हे मला कोणी विचारू नये, आमच्या कचेरीत पाव मजूरही बसतो.) मोतीलालशेटचा प्रवासखर्च. किरकोळ पाच टक्के. अनपेक्षित पाच टक्के. एकूण बेरीज माझ्या पाच महिन्यांच्या पगारापेक्षा सव्वासात रुपयांनी जास्त झाली.

हिने बेरीज पाहिली. "पाच महिने आपण काय खायचं?"

"हा खर्च नव्हे, अंदाज आहे," मी समजूत घातली. "तो वर जाईल, वरून कापून येईल."

"वर कोण आहे?"

वर आबा होते! मी कागद आबांच्या समोर ठेवला. ज्यांना गरमी होत होती तेच मंजुरी देणार, तेव्हा आता काम झालंच असं मी धरून चाललो. तीन दिवसांनी कागद परत आला. पांढरा भाग शोधावा लागला.

'जुन्या झालरीचे कापड कोणास देणार? शंकर कमी झाल्याने होणारी बचत दाखवलेली नाही. तार अंदाजे की मोजून? अर्धा मजूर, पूर्ण की उभा अर्धा?' आणि सर्वांत शेवटी, दोनदा अधोरेखित, 'खोली मुळात कशामुळे तापते, हे नमूद नाही. स्थळपाहणी करून खुलासा करावा.'

"आबा, खोली तुमची आहे, घाम तुम्हालाच येतोय!" मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? स्वतःच्या सोयीसाठी नियम वाकवायचा? चाळीस वर्षांत केलं नाही ते आता करू?" आणि ते घामाने ओली झालेली बंडी पिळू लागले.

आखाजी बारा दिवसांवर आली होती. मी लगेच दुसऱ्या दिवशी रजा टाकून स्थळपाहणी केली. कचेरीतला थर्मामीटर आणला. आबांना ओट्यावर बसवलं (पाहणी चालू असताना अर्जदाराने जागेवर असू नये). मग दार लावून, आबांच्या पलंगावर, त्यांच्या उशीला पाठ टेकून, म्हणजे त्याच भिंतीला टेकून, मी एक तास बसलो. समोर पाटी, हातात टेप. थर्मामीटर डोक्यावरच्या खिळ्याला टांगला होता, त्याच भिंतीवरच्या. पारा चढत होता आणि मी पश्चिमेच्या खिडकीकडे पाहत होतो. सदरा पाठीला चिकटला. पाठ भाजल्यासारखी वाटली तेव्हा मी लिहिलं, 'उन्हाची तिरीप पश्चिमेकडून येते व समोरच्या भिंतीवर आपटून पाठीकडून जाणवते.'

ही पन्हं घेऊन आली. भांडं ठेवताना तिचा हात भिंतीला लागला आणि तिने तो चटकन मागे घेतला.

"अहो, ही भिंत तर—"

"चौदा इंच," मी टेप दाखवली. "मोजलीय मी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तसं पुन्हा कोणी पाहू नये. भांडं उचलून गेली. त्या दिवसापासून तिने बंबात लाकडं घालताना मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, "घालते हो बाई भाग अ!" मला वाटलं, कामाची गोडी लागली.

मी खुलासा सादर केला. आबांनी त्यावर उपप्रश्न काढले. मी उपखुलासा केला. आखाजी सात दिवसांवर आली, मग पाच, मग तीन. कागद वर जात होता, खाली येत होता. पारा फक्त वरच जात होता. आबा रात्री अंगणात झोपू लागले आणि दिवसा ओल्या पंचात. एकदा दुपारी मी त्यांना कपडे भरताना पाहिलं. ट्रंकेत धोतरं, वर तांबड्या शाईची दौत फडक्यात गुंडाळलेली. बोलण्यासारखं काही नव्हतं. सगळं लिहून झालं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. सकाळी शंकरभाऊ दोरी सोडून उभा राहिला.

"नाना, मी गावले जास. आखाजी शे. चार रोजमा परत येस."

"अरे, उद्या विष्णू येतोय! उद्या पंखा कोण ओढणार?"

"तुमना त्या कागदले सांगा!" असं म्हणून तो निघून गेला.

आणि संध्याकाळी अक्का आली. अक्का माझी थोरली बहीण. दोंडाईच्याच्या बाजूला वीस वर्षं संसार करून तिची बोली पक्की तिकडची झाली होती. आखाजीला माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं आणि गल्ली दणाणून सोडणारी गाणी म्हणायची, हा तिचा हक्क होता. अंगाने ती भरलेली होती. टांग्यातून उतरली की टांगा वर उडे. अंगणातल्या कडुनिंबाच्या जाड फांदीला झोका बांधून झाला, आणि गल्लीतल्या माहेरवाशिणी तिच्याभोवती जमल्या.

तो झोका पुढे जाई, मागे येई. पुढे, मागे. मी ओट्यावर बसून पाहत होतो. माझ्या हातात शंकरभाऊने टाकलेली दोरी होती.

आता माझ्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. आणि तेच मला सुचलं, हाच घोटाळा!

आखाजीच्या दिवशी बायका सकाळपासून दिवस मावळेपर्यंत झोके घेतात. थांबत नाहीत, मजुरी मागत नाहीत, झोपत नाहीत. पंख्याची दोरी झोक्याला बांधली तर? झोका पुढे गेला की पंखा ओढला जाईल, मागे आला की आपल्या वजनाने परत. तार नाही, खांब नाही, अर्धा मजूर नाही! पाच महिन्यांच्या पगाराचं काम फुकटात! विष्णूच्या पंख्याला बटण आहे ना, आमच्या पंख्याला गाणी असतील.

सकाळीच मी दोरी बांधली. "अक्का, झोका फार उंच न्यायचा नाही. दोन फूट पुढे, दोन फूट मागे."

"ओ नाना, झोका झुलानी चीज शे का मोजानी?"

"अक्का, आबांसाठी."

आबांचं नाव निघताच ती नरम आली. पदर खोचून बसली. गल्लीतली एक माहेरवाशीण मागून हळू ढकलू लागली. आणि काय सांगू! आत पंखा हलू लागला. एकसारखा, संथ, शंकरभाऊने जन्मात हलवला नव्हता असा!

विष्णू दहाच्या सुमारास आला. पायांत नवे कोरे पंप शू, अंगात कोट. त्याने आत पाहिलं. आबा पलंगावर बसलेले, पुढे आईची घागर भरून ठेवलेली, वर पंखा डुलतोय आणि बाहेर बायका गाताहेत.

"नाना, हे काय नवीन?"

"व्यवस्था," मी म्हणालो.

आबा डोळे मिटून बसले होते. वारा तसा गरमच होता, पण होता. "विष्णू," ते हळूच म्हणाले, "बरं वाटतंय रे." हे ऐकून माझे डोळे भरून आले. मी ते पुसले आणि हिच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. ती बंबात लाकूड घालायला निघून गेली.

इकडे अंगणात अक्काला गाण्याचा रंग चढला होता. सासूचं गाऱ्हाणं संपून माहेराची थोरवी सुरू झाली. माहेर उंच, तर झोका बुटका कसा चालेल? ती उभी राहिली. मागून ढकलणाऱ्या एकीच्या दोघी झाल्या.

"अक्का, दोन फूट!" मी ओरडलो.

"देख, नाना, आते आभाळले पाय लावस!"

झोका पहिल्यांदा ओट्याच्या छपराच्या उंचीपर्यंत गेला. आत पंखा छताला टेकला. झोका मागे आला. पंखा समोरच्या भिंतीवर आदळून आला. विष्णू म्हणाला, "वारा चांगला आहे, पण जरा—" आणि अक्काने तिसरा झोका घेतला.

तिसऱ्या झोक्यात माझ्या बहिणीचं सगळं वजन आणि माहेराचा सगळा अभिमान होता. दोरी ताठ झाली. पंखा ज्या आडव्या वाशाला टांगला होता त्याचं एक टोक न्हाणीकडच्या भिंतीत रुतलेलं होतं. ती भिंत मातीत बांधलेली, आणि सहा महिने बंबाने भाजून तिची माती कोरड्या रव्यासारखी झाली होती. वासा भिंतीतून दात उपटावा तसा उपटला गेला. त्याच्यामागून खाली उशीपर्यंतच्या दहाबारा विटा ढासळल्या, धुरळ्याचा लोट आला, आणि पलीकडून खणखणाट झाला. मोतीलालशेटचा बंब आडवा झाला होता!

कढत पाणी भोकातून आबांच्या खोलीत वाहत आलं. आबांनी पाय वर घेतले आणि घागर उचलून मांडीवर घेतली. विष्णू पंप शू सांभाळत पलंगावर चढला. वाशाचं टोक त्याच्या मागेच पडलं, पण कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी ओव्हरसियर असल्यामुळे दारात उभा राहून पाहत होतो.

धुरळा बसला तेव्हा आबांच्या उशीच्या अगदी वर, भिंतीला एक हातभर भोक पडलेलं दिसलं. आणि त्या भोकातून, एका वितीच्या अंतरावर, बंबातून सांडलेले निखारे लालभडक फुललेले दिसत होते. त्यांची धग खोलीत येऊन आबांच्या चेहऱ्यावर पडली.

आबांनी चष्मा पुसला. भोकाकडे पाहिलं. निखाऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाना. हा बंब इथे काय करतोय?"

"तापतोय," मी म्हणालो.

"कधीपासून?" थंडीतली ती उबदार उशी आबा साफ विसरले होते.

"थंडीपासून. तुमच्यासाठीच आबा, भिंत उबदार—"

"आणि हा मोठा बंब?"

"भाग 'अ'. तुम्हीच मंजूर केलात."

न्हाणीतून भोकाच्या पलीकडे हिचा चेहरा दिसला. हातात चिमटा, कपाळाला काजळी. "मी पाडव्याला सांगत होते," ती भोकातून म्हणाली. "पण मला सांगितलं, सदर वेगळं आहे."

अंगणातून अक्का धापा टाकत आली. "मी काय करं? दोरी तूच बांधी!" तेवढ्यात त्या भोकातून, न्हाणीच्या मागच्या दारातून, कडुनिंबाखालून आलेली वाऱ्याची एक झुळूक सरळ खोलीत शिरली. गार. सगळ्यांनाच जाणवली.

विष्णू पलंगावरून उतरला. "आबा, झालं ना आता? चला. संध्याकाळची गाडी आहे."

आबांनी घागर जपून खाली ठेवली, तिच्यावरचं खरबूज सरळ केलं. मग म्हणाले, "ट्रंक आण."

मी ट्रंक आणली. आबांनी ती उघडली, फडक्यातून दौत काढली, टाक काढला.

"विष्णू, तू जा. इथे एक प्रकरण चालू आहे. बंब चुकीच्या जागी बसवला, भिंत पाडली, सरकारी थर्मामीटर कुठे आहे ते कळत नाही—"

"फुटला," मी म्हणालो.

"आणि तो फुटला. याचा निकाल लागेपर्यंत मला जागा सोडता येणार नाही."

हिने त्याच दिवशी शेजारच्या दोन गड्यांना हाताशी धरून बंब न्हाणीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, मूळ जागी नेला. खर्च, दोघांना आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. भोकाला पुढे चौकट बसवून खिडकी केली. त्या खिडकीतला वारा आबा मागाहून शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत. पंखा कोणी परत टांगला नाही. कोपऱ्यावरच्या खांबाला तारा पुढे कधी तरी आल्या, तेव्हा मोतीलालशेट दोनदा येऊन गेला. आबांनी त्याला त्या खिडकीशी बसवून परत पाठवलं.

प्रकरणाचा निकाल मात्र लागला नाही. मी लागू दिला नाही. आबा प्रश्न काढत, मी मुद्दाम अर्धवट उत्तर देई, ते चिडून नवा प्रश्न काढत. अशी नऊ वर्षं गेली. नऊ आखाज्या आईची घागर त्याच खोलीत भरली, आणि विष्णूचा पंखा नाशिकला एकटाच फिरत राहिला. मी आयुष्यात एकच काम मुद्दाम लांबवलं आणि तेवढंच नीट पार पडलं.

आबा गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी ती फाइल उघडली. शेवटच्या पानावर त्यांचा शेवटचा तांबडा शेरा होता. अक्षर जरा हललेलं, पण धाक तोच. 'यापुढे असे प्रकरण आल्यास अंदाजपत्रक करणाऱ्यास प्रथम एक तास त्या भिंतीला टेकवून बसवावे, म्हणजे खोली का तापते हे त्याचे त्यास कळेल.'

आणि त्याच्याखाली, पेन्सिलीने, चौथ्या इयत्तेच्या गोल अक्षरात, आमच्या हिने लिहिलं होतं, 'बसवले होते. कळले नाही.'